मास्तर आले नाहीत त्या दिवशी

भावजय आणि वन्सं एकाच दुकानात पाठीला पाठ लावून शिवायला बसत. दुकान तळघरातलं, लोकांचे कपडे आखूड-सैल करून देण्याचं. त्या परक्या शहरात त्यांची भाषा बोलणारं दुसरं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं, आणि या दोघींनी तर एकमेकींशी अबोला धरलेला. भावजयीचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, वारला तेव्हापासूनचा.

तो इस्पितळात गेला त्या रात्री भावजयीनं वन्संना निरोप धाडला नाही. सकाळी कळवलं, तोवर सगळं संपलं होतं. "माझ्या पाठच्या भावाचं तोंड पाहू दिलं नाहीस," एवढं बोलून वन्संनी तोंड मिटलं ते मिटलंच.

पण एका जागी काम करायचं तर बोलावं लागतं. त्यावर तोड निघाली मास्तरांची. मास्तर म्हणजे कापड बेतणारे, त्या परक्या मुलखातलेच म्हातारे गृहस्थ. त्यांना या दोघींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे.

"मास्तर, हिला सांगा, कात्री गिळली असशील तर ओकून टाक म्हणावं."

"मास्तर, त्यांना म्हणावं, तुमच्याच मांडीखाली आहे. बसताना जरा बघत जा."

मास्तर दोघींकडे बघून मान डोलवत आणि खडूच्या रेघा ओढत राहत. वर्षानुवर्षं असं चाललं. हसू आलंच, तर दोघी आपापल्या मशिनीवर खाली मान घालून हसत.

मग वन्संच्या मुलानं त्यांना दूरच्या शहरात आपल्याकडे न्यायचं ठरवलं. "मास्तर, हिला सांगा, शुक्रवारी माझा शेवटचा दिवस."

भावजयीनं शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. त्या रात्रीचं खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं होतं. वन्संनी विचारलं तर सांगू, म्हणून ती थांबलेली. आपण होऊन सांगेल तर ऐकू, म्हणून वन्सं. शुक्रवारी काही झालं तरी मास्तरांच्या कानावर घालायचं, असं तिनं पक्कं केलं.

शुक्रवारी मास्तर डोळे दाखवायला गेले. दुकानात आलेच नाहीत.

दिवसभर दोन मशिनी चालल्या. भावजयीनं कितीदा मान वळवली. समोर वन्संचा पांढरा अंबाडा. दुपारी तिनं रिकाम्या टेबलाकडे बघून "मास्तर..." म्हटलंसुद्धा. मागची मशीन थांबली. वन्सं वाट बघत होत्या. पण टेबलावर नुसता खडू आणि टेप. मान डोलवायला कुणी नाही. तिनं पुन्हा कापड सुईखाली सरकवलं. जरा वेळानं मागची मशीन पुन्हा सुरू झाली.

दिवेलागणीला वन्संनी चष्मा डबीत ठेवला, दाराशी घुटमळल्या, आणि जिना चढून गेल्या.

सोमवारी मास्तर आले. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. भावजय एकदम बोलायलाच लागली.

"मास्तर, त्यांना सांगा हो, मी निघालेच होते बोलवायला. ह्यांनीच हात धरला. म्हणाले, ताईला उठवू नकोस, दिवसभर मशिनीवर मोडते बिचारी, सकाळी येऊ दे. मला वाटलं, सकाळपर्यंत काय होतंय. सांगाल ना?"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वन्संच्या वाटणीच्या पँटींचा ढीग उचलून भावजयीच्या मशिनीशेजारी आणून ठेवला.