हॅडलॉकांच्या लेकी

मार्जोरीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नीलांबरीकाकूंनी आपला लांबलचक कागद पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवले आणि एकदाचं सांगून टाकलं, की हॅडलॉकांचा वंश खुंटला.

"खुंटला म्हणजे?" मार्जोरीनं विचारलं.

"फिनिश्ड. शेवटचा हा बघ, एझ्रा. लग्नच केलं नाही त्यानं. ओहायोला गेला आणि तिथे नदीत बुडून मेला."

"बिचारा एझ्रा," मार्जोरी म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर अंगणात बर्फाचे शेवटचे मळकट ढिगारे उरले होते. तिकडेच बघत ती म्हणाली, "म्हणजे ममा माझ्याशी खोटं बोलली."

शेजारीण हिरमुसेल, हे त्या धरूनच आल्या होत्या. पण गोष्ट तिच्या आईपर्यंत जाईल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मार्जोरी चौऱ्याऐंशीची. लग्न केलं नाही, आयुष्यभर गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. काकू सहा वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, श्रूजबरीला मुलाकडे, सिद्धेशकडे राहायला आल्या. एका संध्याकाळी त्या पेटी काढून भजन म्हणत बसल्या होत्या, तर ही उंच, वाळकी म्हातारी थेट दारात. "तुमच्याकडे हा छोटा ऑर्गन कुठून आला?" म्हणाली, आणि आत येऊन पेटीचा भाता हलवून बघू लागली. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच.

आता मार्जोरीला एकच घोर होता. गावाबाहेरच्या टेकडीवर एक जुनी दफनभूमी आहे. ती जमीन जोनास हॅडलॉक नावाच्या चर्चच्या कारभाऱ्यानं दिली, तीसुद्धा इथे अजून इंग्रजाचं राज्य होतं त्या काळात. अट एकच घातली, की इथे माझ्या वंशातल्यांनीच विसावायचं. मार्जोरीची आई तिथेच आहे. "आपण हॅडलॉकांच्या रक्ताचे," असं ती लेकीला लहानपणापासून सांगत आलेली, आणि ती गेली तेव्हाच्या राखणदारानं कागद वगैरे काही मागितला नव्हता. आईशेजारची जागा मार्जोरीनं मनात कधीच आपली धरली होती. पण आता नवे ट्रस्टी आले. त्यांनी कळवलं, की तोंडी सांगणं चालणार नाही, मे महिन्याच्या सभेत वंशावळ पुराव्यानिशी मांडा. आणि जूनमध्ये मार्जोरीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं.

"डॉक्टर हुशार आहे," ती म्हणायची. "पण मला प्रवासाआधी सामान बांधून दाराशी ठेवायची सवय आहे. कुठे जायचं ते ठाऊक असलं, की मी निवांत."

हे ऐकून काकूंनी पदर खोचला होता. पुण्यात त्यांनी सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करायला चार वर्षं खर्ची घातली होती. कोकणातली गावं पालथी घातली, देवळातल्या गुरवांना बोलतं केलं, रुसलेल्या चुलतभावांना एका पानावर आणलं. "घराणं इकडचं काय नि तिकडचं काय, मी शोधते," असं त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. आणि खरोखरच त्यांना त्या कामाची गोडी लागली. गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, चर्चमधले बाप्तिस्मे, मृत्युपत्रं, सगळं लायब्ररीत मिळत होतं, उरलेलं कॉम्प्युटरवर. हॅडलॉक, पिअर्स आणि स्टो, ही तीन घराणी एकमेकांत अशी काही गुंतलेली, की काकू घरी येऊन सांगायच्या, "अगं, साटंलोटं आहे चक्क! याची बहीण त्याला, त्याची याला. आणि बायको गेली, की धाकटी मेव्हणी तयारच!"

त्यावर एकदा जेवताना सून आश्लेषा म्हणाली होती, "आई, तुमच्या कुलवृत्तांतात सिद्धेशला अर्धं पान आहे, आणि त्याच्या आतेबहिणी शोधून सापडत नाहीत."

"आहेत की! आत्याबाईंच्या लग्नाची ओळ आहे."

"हो ना. ओळ आहे. पुढे आत्याबाई गुल!"

"दिल्या घरी गेल्या, की त्या त्या घराण्याच्या वृत्तांतात येतात गं," काकू म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या. तो विषय तिथेच राहिला.

काकूंनी दोन्ही टोकांनी शोध घेतला होता. वरून जोनासपासून हॅडलॉक धरून खाली आल्या, त्या एझ्रापाशी येऊन थांबल्या. खालून मार्जोरीच्या पणजीपासून, अबिगेल स्टोपासून, वर चढत गेल्या, तर स्टोचा बाप स्टो, त्याचा बाप स्टो, असं करत थेट इंग्लंडच्या बोटीपर्यंत पोचल्या. वाटेत हॅडलॉक नाव कुठे आलंच नाही.

"तू माझ्यासाठी किती खपलीस, नीला," मार्जोरी म्हणाली आणि तिनं कॉफीचे मग उचलून कागदाची नीट गुंडाळी करून दिली. काकूंना वाटलं, यापेक्षा ही माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सिद्धेशच्या बेसमेंटमध्ये कीर्तन होतं. मार्जोरी येणार नाही असंच काकूंना वाटलं होतं, पण ती आली, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली. कीर्तन करायला जर्सी सिटीहून रेणू आली होती. आठवडाभर मॅनहॅटनच्या बँकेत मान मोडून काम करणारी ही मुलगी नऊवारी नेसून, कमरेला उपरणं बांधून, हातात झांजा घेऊन उभी राहिली, की कोणी म्हणणार नाही ही लोकलनं ऑफिसला जाते. गळा असा गोड, की साधं रामकृष्ण हरी म्हणाली तरी मांडी घालून बसलेल्यांच्या माना डोलायला लागायच्या.

रेणूनं ओळ द्यायची, सगळ्यांनी ती उचलायची. मार्जोरी काकूंच्या कानाशी वाकली. "आमच्याकडेही पूर्वी हेच होतं. पुस्तकं कुणाकडे होती? चर्चचा कारभारी एक ओळ गायचा, मागून सगळे. जोनास हॅडलॉकसुद्धा असाच गात असणार." आणि मग स्वतःशीच म्हणाली, "माझा कोणी लागत नसला तरी."

काकूंचं मन काही केल्या कीर्तनात रमेना. असं त्यांचं जन्मात झालं नव्हतं. मध्यंतरात बुक्का लावला, तेव्हा मार्जोरीनंही कपाळ पुढे केलं. "सुगंध छान आहे," म्हणाली. काकूंनी मान हलवली खरी, पण डोळ्यांसमोर तो एझ्रा आणि त्याची ती नदी.

उत्तररंग सुरू झाला. रेणूनं पदर सावरला.

"एक ऋषी होते. त्यांना मुली किती? नऊ! आणि मुलगा एक. शेवटचा, दहावा. आता आनंदीआनंद! वंशाला दिवा आला! आणि हा दिवा मोठा झाल्यावर काय म्हणाला? म्हणाला, आई, मी निघालो. आईला ज्ञान सांगितलं, नमस्कार केला, आणि स्वारी चालली तपाला! लग्न नाही, संसार नाही, काही नाही. आता मला सांगा मंडळी, आपल्यासारखं कुणी बसलं असतं ना वंशावळ लिहायला, तर ऋषींच्या नावाखाली काय लिहिलं असतं?"

"समाप्त!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"समाप्त! अहो, पण जग तर चाललंय! ते कुणाच्या जिवावर? त्या नऊ जणी नऊ आश्रमांत नांदायला गेल्या. आज तुम्ही पूजेला बसून जी मोठमोठ्या ऋषींची नावं घेता ना, त्यांच्या घरच्या लक्ष्म्या कोण? ह्याच! ऋषींचा वंश खुंटला नाही हो. तो नऊ वाटांनी वाहत गेला, आणि लिहिणारा बसलाय मुलाची वाट बघत!"

झांजा वाजल्या. काकूंच्या हातातली टाळी मात्र हवेतच राहिली.

त्यांच्या त्या कागदावर जोनास हॅडलॉकच्या नावाखाली तीन मुलगे होते, नावागावासकट. आणि त्यांच्या पुढे काकूंच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मुली ४'. बस्. नाव नाही, गाव नाही. कुलवृत्तांतात लिहायची सवय, हात तसाच चालला होता. आणि मार्जोरी तर स्वतः लेक, तिची आई लेक, आजी लेक! तिच्या नावात हॅडलॉक येणार तरी कुठून?

ताडकन उठून थेट लायब्ररी गाठावी, असं त्यांना वाटलं. पण कीर्तन अर्धवट टाकून उठायचं नाही, हे लहानपणापासूनचं वळण. त्या बसून राहिल्या. तोंडानं भजन चाललंय, आणि मनात एकच धावा, पांडुरंगा, रेणूचं आख्यान आज जरा लवकर आटोपू दे रे बाबा. अर्थातच रेणूला त्या दिवशी रंग चढला होता. आरती झाली तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. हातात प्रसादाचा शिरा तसाच धरून त्या मार्जोरीकडे वळल्या.

"मी लेकींकडे बघितलंच नाही!"

"कुणाच्या लेकी?"

"जोनासच्या! चार आहेत. मी नुसता आकडा लिहिला. मूर्ख बाई मी!"

मार्जोरीनं त्यांच्याकडे बघितलं, मग तोंडातला शिऱ्याचा घास सावकाश गिळला. "नीला," ती म्हणाली, "माझ्या हृदयाचं ऑपरेशन अजून व्हायचंय. असं एकदम ओरडू नकोस."

सोमवारी लायब्ररीचं दार उघडताना दोघी बाहेर उभ्याच होत्या. जोनासचं मृत्युपत्र काकूंनी आधी वाचलेलंच होतं. जमीन कुणा मुलाला, गिरणी कुणाला, एवढं बघून पुढे गेल्या होत्या. आता खालचा मजकूर वाचला. माझी लेक थँकफुल, सायलस पिअर्सची बायको, हिला एक गाय आणि पिसांची गादी. माझी लेक पेशन्स, स्टोंच्या घरची, हिला दुसरी गाय.

"स्टो!" मार्जोरी एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

बाकीचं मग सुटत गेलं. पणजी अबिगेलचा आजा ल्यूथर स्टो, आणि ल्यूथरची आई पेशन्स हॅडलॉक. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तसं स्वच्छ लिहिलेलं. काकूंनी ल्यूथरच्या बायकोचंही नाव शोधलं. आता एकही बाई सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. मेहिटेबल पिअर्स. आणि मेहिटेबलची आई?

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! थँकफुल!"

"मग?"

"मग काय मग! ही एका बहिणीची मुलगी, तो दुसऱ्या बहिणीचा मुलगा. मावसभावाशी लग्न केलं हिनं! आमच्याकडे मामेभाऊ चालतो, तोही काही घरांत. पण मावसभाऊ म्हणजे भाऊच की गं!"

मार्जोरी हसायला लागली. आधी नुसती गदगदली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी कसलं हे काकूंना कळायच्या आतच ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"ममा खरं बोलत होती," ती शेवटी नाक पुसत म्हणाली.

"शंभर टक्के."

"आणि मावसभावाचं म्हणशील, तर नीला, इथले हिवाळे लांब असतात आणि रस्ते तेव्हा फार वाईट होते."

मे महिन्यातल्या सभेला काकू कांजीवरम नेसून गेल्या. ट्रस्टचे अध्यक्ष मिस्टर कोल लुकडे, गंभीर गृहस्थ. त्यांनी नवा तक्ता बोट ठेवून ठेवून तपासला, प्रत्येक नावापुढचा पुरावा पाहिला. मार्जोरीनं काकूंचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"मिस मार्जोरी," ते शेवटी म्हणाले, "आम्हाला एक हॅडलॉक पुरला असता. तुम्ही दोन आणल्यात."

"माझी मैत्रीण अर्धवट काम करत नाही," मार्जोरी ऐटीत म्हणाली. काकूंनी मान खाली घातली. मार्जोरीनं मुद्दाम डोळा मारलेला त्यांना दिसला होता.

सही झाली, शिक्का बसला. बाहेर आल्यावर मार्जोरीनं इतका लांब श्वास सोडला, की काकूंना वाटलं, हिवाळ्यापासून हिनं तो धरूनच ठेवला होता.

आश्लेषा गाडी घेऊन आली होती. तिघी टेकडीवर गेल्या. गवत नुकतंच हिरवं झालेलं, मधूनमधून पिवळी रानफुलं. मार्जोरी आईच्या दगडाशेजारी, आपल्या जागेवर, ऐसपैस बसली. गवतावर हात फिरवून पाहिला.

"ममा, कागद मिळाला," ती म्हणाली. मग वर बघून, "आता मला अजिबात घाई नाही. ऑपरेशन होऊ दे. रेणूचं पुढचं कीर्तन कधी आहे?"

"ऑगस्टमध्ये," आश्लेषा म्हणाली.

"येते मी."

काकू वरच्या जुन्या रांगेत थँकफुलला शोधत होत्या. सापडली. पातळ, काळपट दगड, थोडासा कललेला. 'सायलस पिअर्सची पत्नी' एवढंच त्यावर. बापाचं नाव नाही. आश्लेषा मागे येऊन उभी राहिली.

"हिलाही एकच ओळ," ती म्हणाली.

"हो गं बाई," काकू म्हणाल्या. "घरी गेल्यावर आत्याबाईंच्या मुलींचे फोन नंबर दे मला. पुरवणी काढायची आहे."

पर्समध्ये कीर्तनातली बुक्क्याची पुडी अजून होती. काकूंनी चिमूट घेतली, आणि परक्यांच्या देवाच्या अंगणात हे चालेल की नाही, म्हणून थबकून मार्जोरीकडे बघितलं.

"लाव," मार्जोरी खालून ओरडली. "अगदी थोडासा. आणि मिस्टर कोलना सांगू नकोस."