मंत्र्याचा खांब अन् माहे झोके

शर्त लागली ती माह्याच पोटाखाली, सावलीत बसून, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुपारी. एका अंगाले उत्तमराव, या बागेचे मालक. दुसऱ्या अंगाले नत्थुजी, त्यायचा शेजारी. दोघायचे वावरं धुऱ्याले धुरा लागून, अन् दोघायचे तोंडं दिवसभर एकमेकाले लागून.

"पोळ्याचं तोरण तुटाच्या आत हे जहाज लेकरं घेऊन हालन," उत्तमराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "नाई हाललं तं मी आंगावर झूल घेऊन बैलायच्या रांगेत उभा राहीन. सबन गावासमोर! शब्द हाये आपला."

"अन् हाललं तं मी उभा राहतो," नत्थुजी म्हणाला. "पण झूल माह्या बैलाची हाये हो, पाटील. मापात राहजा. लय फुगू नका."

जहाज उत्तमरावचं. बटण उत्तमरावचं. चाबी त्यायच्याच कमरेले. आपल्या हातातल्या गोष्टीवर शर्त लावून हारणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच, अन् तो माह्या नशिबाले आला.

तं पोट्टेहो, मी कोलंबस. म्हणजे लोखंडाचं जहाज, दोन लोखंडी तंगड्यायच्या मधात टांगलेलं, समोर वाघाचं तोंड असलेलं. तुमी ज्याच्यात बसून मायच्या नावानं बोंबलता, तो मी. ट्रकचे जुने पट्टे अन् बोअरचे पाइप जोडून मले बनवलं. समुद्र मी काही पाहिला नाई. पाणी पाहिलं ते मोर्णा नदीचं, तेही मले ट्रकवर घालून पुलावरून आणलं तवा, अन् त्यातही पाण्यापेक्षा डुकरं जास्त होते.

बाळापूरच्या रस्त्याले लागून हे वावर. पहिले इथं कापूस होता. मंग ते साल आले, तुमच्या मायबापाले इचारा. बोंडाले अळी, कापसाले भाव नाई, पेपर उघडला का रोज कोणाचा तरी फोटो. उत्तमरावनं कापूस सोडला अन् वावरात झुले पेरले. लोक हासले. म्हणे, ज्याच्या घरी ज्वारी नाई तो झुल्यात काहाले बसन?

पण बसले ना, दोस्तहो! वाईट सालात जास्त बसले. मले अजून आठवते, मांगच्या बाकावर गुमसुम माणसं येऊन बसत. जहाज वर गेलं का असे ओरडत, असे ओरडत का पुढचे पोट्टे वळून पाहत. घरी ओरडता येत नाई, बायको भेते. बाजारात ओरडलं तं लोक वेडं म्हणतीन. माह्यात बसून ओरडलं तं कोणी काही म्हणत नाई. खाली उतरले का उपरण्यानं तोंड पुसत अन् फुटाणे घेत. मी त्यायच्या कामाले आलो. एवढं काम या बागेच्या मालकानं उभ्या जन्मात केलं नाई.

मले चालवणारा गफ्फारभाई, बाळापूरचा अब्दुल गफ्फार. एखादं लेकरू रडाले लागलं तं बाकीच्यायले समजू न देता झोका बारीक करत जाये. त्याची बायको रहिमाबी गेटाजवळ मुरमुऱ्याचा चिवडा विके. माहे झोके तितकी तिची गिऱ्हाइकी.

मंग माह्या बेरिंगा खराब झाल्या. किरकिर कराले लागलो. मले बंद केलं, खोललं, नव्या बेरिंगा टाकल्या, बाकावर नवी गादी लावली, वाघाले पिवळा रंग देल्ला. आखाजीलोक, त्या सणापर्यंत, मी एकदम तयार. बटण दाबा अन् चालवा. पण उत्तमरावले जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. तिकिटासाठी मंत्र्याची ओळख पाहिजे होती. ओळखीसाठी उद्घाटन पाहिजे होतं. अन् उद्घाटनासाठी मी सापडलो.

"साहेबाच्या पहिले कोणी बसाचं नाई," उत्तमरावनं हुकूम काढला. "जहाज उष्टं होईन."

उष्टं! मी काय पुरणपोळी हाये? पण तेव्हापासून माह्या गाद्यायवरचं प्लास्टिक निघालं नाई, अन् गफ्फारभाईले रिकामा झोकाही मारू देल्ला नाई.

साहेब आज येते, उद्या येते. मांडव पडे, मांडव निंघे. हारवाला हार घेऊन ये, हार वाळे, बकरी खाये. एकदा तं सारा गाव उन्हात उभा ठेवला, बँडवाल्यायचे गाल फुगले, अन् साहेबाची गाडी समोरून धूळ उडवत अमरावतीले गेली. उत्तमराव गाडीच्या मांगं हात जोडून पळाले. गाडी दिसेनाशी झाली तरी हात जोडलेलेच. मले टायरं असते तं मीही पळालो असतो, फक्त तो चेहरा जवळून पाहाले.

मंग उत्तमरावची मोठी बहीण आली, गोदाबाई, नांदगाव खंडेश्वरची. संग नात, आकांक्षा. पोट्टीनं साऱ्या रस्त्यानं जहाज-जहाज लावलं होतं. इथं येऊन पाहते तं साखळी.

"काहून बंद हाये रे, उत्तम?"

"बाई, कास्तकारायचे असे दिवस हायेत," उत्तमरावनं गळा जड केला. "अशात साहेब झुल्याची फीत कापतीन तं बरं दिसन काय? आपुन दुःखात हावो."

गोदाबाईनं डोक्शावरचा पदर सारखा केला. "दुःखात आमी हावो. माह्या वावरात यंदा दोनदा पेरलं. तू कोणत्या दुःखात हायेस? पोट तं तुहं गणपतीवानी हाये. आमच्या नावानं जहाज बंद नको ठेवू, लेका. लेकरू हासलं तं आमचं काही कमी होत नाई."

"पण बाई, साहेब..."

"साहेब तुह्या मांडीवर बसून झोका घेणार हाये काय?"

आकांक्षा रडत गेली. मी टांगलेलाच राहिलो.

इकडे रहिमाबीची गिऱ्हाइकी बसली. जहाज बंद, म्हणून गफ्फारभाईच्या हाताले काम नाई. रहिमाबीच्या भावानं सुरतहून फोन केला का कपड्याच्या कारखान्यात जागा हाये, या. एका सांजेले ती माह्यासमोर उभी राहून नवऱ्याले म्हणे, "देखो जी, पोळ्यालोक मी थांबते. पोळ्याले हा झुला हालला तं इथंच राहू, नाई तं त्याच दिवशी सुरतची गाडी. अम्मीची कबर इथं हाये, मले का हौस हाये जायची? पण चिवडा काय मुंग्यायले विकू?"

गफ्फारभाई जवळ आला. माह्या आंगावरून हात फिरवत राहिला, अन् उन्हापावसानं सुटलेला नवा रंग त्याच्या हाताले लागला.

आता ऐका खरी मजा. साहेब येत नाई, तं उत्तमरावनं साहेबाचं नाव पहिलेच आणून ठेवलं. पुरुषभर उंच खांब बांधला, पक्का, सिमिटाचा, अन् त्याच्यावर काळा संगमरवर. वरती मंत्र्याचं नाव. खाली उत्तमरावचं, जरा मोठ्या अक्षरात. फोटोवाला म्हणे, फोटोत खांब अन् वाघाचं तोंड दोन्ही पाहिजे. म्हणून माह्यासमोरचा कठडा काढला अन् खांब उभा केला वाघाच्या नाकापासून दोन हातावर.

जहाज उभं होतं ना! उभ्या जहाजाले पाहून जागा ठरवली. जहाज पुढंही जाते, हे या शहाण्यायच्या ध्यानातच आलं नाई. मालकाच्या नाई, मिस्त्रीच्या नाई, फोटोवाल्याच्या नाई. खुद्द गफ्फारभाईच्याही नाई, काहून का त्याले मांडवाच्या आत येऊच देत नव्हते. मी एकटा जाणून होतो. मले बोलता येत नाई, हे तुमाले माहीत हाये. पण आलं असतं ना, तरी मी सांगतलं नसतं.

पोळा उजाडला. साहेब आले नाई. आता शर्त हारतो म्हणून उत्तमरावच्या धोतराची गाठ ढिली झाली. "गफ्फार, लाव रे! चार पोट्टे बसव, दोन झोके मार, बस. उद्घाटन मागाहून करू."

"पहिले रिकामं चालवतो, पाटील. नव्या बेरिंगा हायेत." गफ्फारभाईनं पोट्ट्यायले हात आडवा करून थांबवलं. किती बरं केलं.

बटण माह्या मांगच्या अंगाले, तिथून खांब दिसत नव्हता; गफ्फारभाईनं ते दाबलं. आहाहा, दोस्तहो! इतक्या दिवसानं आंगात वारं शिरलं. मांगं गेलो. पुढं आलो. अजून मांगं गेलो. अन् पुढं येताना, ठण्ण!

वाघाचं नाक गळून पडलं. खांब जसाच्या तसा. मोटर बंद झाली.

"खांब काढा लागन," गफ्फारभाई म्हणाला.

"खबरदार!" उत्तमराव खांबाले मिठी मारून उभे राहिले. "साहेबाचं नाव हाये त्याच्यावर! जहाज गेलं उडत. खांबाले हात लावला तं याद राख!"

गफ्फारभाईनं हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं. "मंग चलतो, पाटील. जहाज नाई तं मी इथं काय खांब चालवू?"

दुपारी बागेले लागूनच मारोतीच्या पारासमोर पोळा भरला. तोरण बांधलं. शिंगं रंगवलेले बैल रांगेत उभे राहिले. माही उंची चांगली, मले सगळं दिसे. नत्थुजी झूल घेऊन आला.

"अरे, गमतीची गोष्ट होती ते," उत्तमराव म्हणाले.

"शब्द गमतीचा होता काय?" गोदाबाई पोळ्याले नातीले घेऊन माहेरी आली होती. तिनं भावाचा कान धरला, लहानपणी धरे तसा. "उभा राह्य रांगेत! बापाचं नाव घालवू नको."

राहिले ना उभे. आंगावर झूल, कपाळाले बाशिंग, गळ्यात घागरमाळ. बाया आरती घेऊन आल्या अन् हासता हासता ताट सांडलं. बाजूचा खरा बैल जरा दूर सरकला. त्याले इज्जत होती. नत्थुजीनं पोळ्याची झडती, म्हणजे टोमण्याचं गाणं, म्हटली:

"कापूस सोडून पाटलानं लोखंड पेरलं,
लोखंडापुढं मंत्र्याचं नाव कोरलं,
नावापाई जहाज जाग्यावरच मुरलं,
झूल घालून पाटलाचं धूड बैलायत शिरलं!
हर बोला, हर हर महादेव!"

तेवढ्यात गफ्फारभाई अन् रहिमाबी पेटी-पिशवी घेऊन रस्त्यानं निंघाले. नत्थुजीनं उत्तमरावच्या गळ्यातला कासरा ओढत नेऊन गफ्फारभाईच्या हाती देल्ला. "जायच्या पहिले एक काम करून जा. हा बैल खांबाले जुप अन् खांब उपटून टाक."

अन् उत्तमराव काय म्हणाले मालूम हाये? घाबरून ओरडले, "अरे, आज पोळा हाये! आज बैलाले जुपतात काय?"

सारा पोळा मंग असा हासला, असा हासला का बैल बिचकले.

"बरोबर बोलला," गोदाबाई म्हणाली. "आज जुपाचं नाई. आज पुरणपोळी खा. उद्या जुपू. रहिमाबी, एक रात थांब वं माय."

"एक रात ना? ठैरते," रहिमाबीनं पेटी खाली ठेवली. "हा बैल पाहूनच जाईन."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं आपापले लाकडी बैल ओढत सकाळपासून बागेत. गफ्फारभाईनं सब्बल मारून खांबाचं बूड ढिलं केलं. उत्तमरावच्या खांद्यावर जू ठेवलं. एका बैलानं जू वाकडं होते म्हणून दुसऱ्या अंगाले नत्थुजी सोताहून जुपला, जिंकलेला असून. "वढा पाटील, तिकिटासाठी लय वढलं, आता लेकरायसाठी वढा!" दोघं घामाघूम झाले, शिव्या देत राहिले, पण एकदम जोर लावला. खांब कलला अन् मंत्र्याच्या नावासकट तोंडावर काळ्या चिखलात पडला.

माह्यात पहिले बसले ते मातीनं भरलेले पोते, वजन पाहाले. हेच माह्या उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे. साहेबापेक्षा बरे. वेळेवर आले अन् भाषण केलं नाई. कठडा परत लागला. पोते उतरले, लेकरं चढले. आकांक्षा सगळ्यायच्या पुढं. मांगच्या बाकावर रहिमाबी येऊन बसली, मांडीवर पेटी. साऱ्या उमरीत ती कधी बसली नव्हती.

"अजी, सुरतले फोन लावा," तिनं नवऱ्याले आवाज देल्ला. "म्हणा, बहीण हवेत हाये. येत नाई. अन् आता चालवा!"

दोस्तहो, तुमच्या गावात असा एखादा झुला असन, वाचनालय असन, हापशी असन. तयार होऊन कोणाच्या तरी हाताची वाट पाहत असन. त्याच्यावरचं प्लास्टिक काढा. तेल-पाणी करा, बेरिंगा पाहत जा, पहिले मातीचे पोते बसवा, मंग तुमी बसा. झालं उद्घाटन. वापरल्यानं वस्तू उष्टी होत नसते, पडून राहिल्यानं सडते. मी सडता सडता वाचलो.

मी वर गेलो. लेकरं बोंबलले. मांगच्या बाकावरून रहिमाबी अशी ओरडली का साऱ्या साली नाई ओरडली ते एकदमच निंघालं. खाली उत्तमराव जुवासकट चिखलात बसलेले. नत्थुजी आपली मान सोडवून केव्हाचाच फुटाणे खाऊन राहिला होता.

"बाई, आता तं हे जू काढ ना वं!" उत्तमराव म्हणाले.

"थांब," गोदाबाई माह्याकडे पाहत म्हणाली. "लेकरायचे झोके होऊ दे."