उलटं फूल

"हेच फूल नमुना धरू या," परांचीवर उभ्या असलेल्या इंजिनिअरबाई म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या मिस्त्रींनी पटकन मान खाली घातली.

बाजारपेठेतली ती जुनी चार मजली इमारत. खाली दुकानं, वर कचेऱ्या, पण दर्शनी भिंतीचा रुबाब काय सांगावा! कमानी, वेली आणि प्रत्येक खिडकीवर चुन्याचं एकेक फूल. घाईतला माणूसही मान वर करून बघणारच. निम्मी फुलं आता गळून पडली होती, उरलेल्यांचे झिजून नुसते गोळे झाले होते. ती नव्याने करायचं काम मिस्त्रींकडे आलं होतं. बाईंनी निवडलेलं फूल तेवढं अजून टवटवीत होतं.

असणारच. ते मिस्त्रींनीच तीस वर्षांपूर्वीच्या डागडुजीत बसवलं होतं, आयुष्यातलं पहिलं. साच्यात नक्षी उलटी कोरायची, म्हणजे फूल सुलटं उमटतं. हा पठ्ठ्या उत्साहाच्या भरात सुलटी कोरून बसला. मूळ पाकळ्या उजवीकडे वळलेल्या, याच्या वळल्या डावीकडे. मुकादमाला सांगायची छाती झाली नाही आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मिस्त्रींना मात्र तेव्हापासून त्या रस्त्याने मान वर करून जायची चोरी झाली.

आताही गप्प बसले असते तर काय बिघडणार होतं? उलट त्यांच्याच हातचं फूल खिडकीखिडकीवर मिरवलं असतं. मोह कुणाला सुटलाय! मिस्त्री दोनदा खाकरले आणि सगळं सांगून मोकळे झाले. मूळचं एक फूल कोपऱ्यात पाइपामागे धड राहिलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. आता काम हातचं जाणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली.

बाई कितीतरी वेळ दोन्ही फुलं निरखत राहिल्या.

"कुणाला कळणार होतं, काका?"

"ज्यानं ही भिंत घडवली, त्याच्या नावावर माझी चूक नको, बाई."

बाईंनी काम काढून घेतलं नाही. हे एक फूल असू द्या की तसंच, असंही म्हणून पाहिलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली आणि छिन्नी-हातोडा उचलला. एक घाव घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. फूल जागचं हलेना.

"माल पक्का होता हो तुमचा," बाई हळूच म्हणाल्या.

मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले, छिन्नी नीट धरली आणि चौथा घाव घातला.