चांगली शिवण उसवताना

मित्रांनो, माझ्याबद्दल कुणी चार चांगले शब्द बोलल्याचं मला आठवत नाही, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी उसवणी आहे. दुकानात मला सीम रिपर म्हणतात. बोटभर मूठ, पुढे दोन दात. एक लांब आणि अणकुचीदार, दुसरा आखूड, त्याच्या टोकाला लाल मणी. दोन दातांच्या बेचक्यात माझी धार. चुकलेले टाके कापायचे आणि शिवण उघडायची, हे माझं काम. सुई जोडते, मशीन जोडतं, अगदी गोंदसुद्धा जोडतो. मी तोडते. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीवर ठोकळा धाडकन पडायचा आणि आम्ही बहिणी टपाटपा खाली पडायचो. पण आमच्यातल्या एकीलाही कुणी हौसेनं विकत घेतलं नाही. शिलाई मशीनच्या डब्यात तेलाची बाटली, ब्रश आणि दोन बॉबिनांच्या सोबतीला आम्हाला फुकट टाकायचे. फुकट आलेल्या वस्तूला कोण विचारतं? म्हणून माझा स्वभाव जरा कडवट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी ज्या घरी आले, तिथं एक बाई एकटीच राहायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं पायमशीन, शेजारी हातानं फिरवायचं एक छोटं मशीन, भिंतीला लागून फ्लीसचे गठ्ठे. फ्लीस म्हणजे ते मऊ, लवदार, गरम कापड. त्याची लव सगळीकडे उडायची. चहाच्या कपात, बाईच्या भुवयांवर, माझ्या दातांत. हिवाळा आला की गरम कपड्यांचा दुकानदार तिला टोप्या, हातमोजे आणि मफलर शिवायला द्यायचा. बाईचा हात असा साफ होता, की वर्षानुवर्षं मी डब्यात नुसती पडून असायचे. चुकायचीच नाही ना ती! मग मी काय उसवणार, कपाळ?

आणि मग बारकी आली.

बारकी म्हणजे तिच्या भावाची मुलगी, नऊ वर्षांची. भाऊ वारला. भावजय लांबच्या गावात बिस्किटांच्या कारखान्यात लागली आणि कामगार बायकांच्या वसतिगृहात राहू लागली. तिथं मुलांना परवानगी नव्हती. म्हणून बारकीला इथं आत्याकडे ठेवलं, खोली मिळेपर्यंत. बारकी दिसायला काडीसारखी, पण बोलायला लागली की थांबायची नाही. घरात पहिल्यांदाच दोन माणसांचा आवाज ऐकू येऊ लागला. आत्या तिच्यावर खेकसायची, पण तिच्या ताटात मोठा वाटा वाढायची, हेही मी पाहिलंय.

एक दिवस बारकी म्हणाली, "आत्या, मला शिकव ना गं."

आत्यानं शिकवलं. पहिल्यांदा मफलर, त्याला शिवण नाहीच. सरळ कापायचा आणि दोन्ही टोकांना कात्रीनं झिरमिळ्या करायच्या. बारकीच्या झिरमिळ्या काही बोटाएवढ्या, काही तळहाताएवढ्या. मग हातमोजे. बारकीनं स्वतःचा पंजा कापडावर ठेवला, खडूनं गिरवला आणि बरोब्बर त्याच रेघेवर कापून शिवला. शिवणीला जागा सोडायची असते, हे तिला कुठं ठाऊक? हातमोजा झाला बाहुलीच्या मापाचा. अंगठा काही केल्या आत जाईना.

मग टोपी. टोपी तशी सोपी. एक तुकडा, मागं एक उभी शिवण, वर एक गोल शिवण. फ्लीसच्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड मुडपायचीही कटकट नाही. पण हे कापड एकाच दिशेनं चांगलं ताणलं जातं, आणि तो ताण डोक्याभोवती यावा लागतो. बारकीनं तो उभा घेतला. टोपी कानांपर्यंत पोचेचना, डोक्यावर झाकणासारखी बसली. आत्या पोट धरून हसली. एवढ्यावर भागलं नाही. ती टोपी तिनं चहाच्या किटलीवर चढवली आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "आमच्या कारागीरबाईंची करामत!" लोक हसायचे. बारकीही हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे. मीही हसले, मित्रांनो. मला तर पर्वणीच होती, रोज काम मिळत होतं.

शिवण वाकडी गेली की आत्या मला उचलायची. वाईट शिवण मला लगेच कळते. टाके सैल असतात, एका दमात सर्रकन उघडतात. चांगली शिवण तशी उघडत नाही. फ्लीसमध्ये टाके लवेत बुडून बसतात, एकेक शोधून कापावा लागतो, आणि हात जरा घसरला की कापडाला भोक पडतं. आत्यानं बारकीला उसवायलाही शिकवलं होतं. "दर चौथा टाका काप, मग दोरा ओढ. कापडाला कळता कामा नये."

तेवढ्यात बारकीच्या आईला खोली मिळाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. ती म्हणाली, "ताई, आता बारकीला घेऊन जाते."

आत्यानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "वहिनी, पोर आत्ता कुठं शिकतेय. मधेच तोडू नका. एक टोपी नीट जमू दे."

आणि बारकीला वेगळं सांगितलं. "ज्या दिवशी तुझी टोपी मी न उसवता खाली ठेवीन, त्या दिवशी तुझ्या आईला बोलावीन. माझा शब्द."

बारकी जिद्दीला पेटली. फोनवर आई विचारायची, "येतेस का गं?" तर ही म्हणायची, "अजून जमली नाही, आई. पुढच्या रविवारी." आईला वाटलं, लेकीलाच राहायचंय. लेकीला वाटलं, आपल्यालाच जमत नाहीये. आत्या शेजारी बसून दोघींचं ऐकायची आणि मफलरला झिरमिळ्या कापत राहायची.

एका दुपारी आत्यानं बारकीच्या टोपीत माझा दात घातला आणि मी अडखळले. टाका सुटेना. पुढचाही सुटेना. शिवण दोरी आखल्यासारखी सरळ होती. मी मनात म्हटलं, अगं थांब, ही चांगली आहे! आत्यालाही ते कळलं होतं. तिनं शिवणीवरून नख फिरवलं, हात थबकला, मग म्हणाली, "नागमोडी गेलीय," आणि मला जोरानं आत रेटलं.

त्यानंतर बारकीची एकही शिवण वाकडी नव्हती, मित्रांनो. एकही नाही. मी शपथेवर सांगते, कारण त्या सगळ्या मी माझ्या धारेनं कापल्या. एकूण अकरा. बारकी समोर उभी राहून बघायची. तिची बडबड हळूहळू बंद झाली. एकदा ती स्वतःच्या बोटांकडे बघून म्हणाली, "माझी बोटंच वाईट आहेत का गं, आत्या?" आत्या म्हणाली, "असतात एकेकाची." मला तेव्हा पहिल्यांदा माझ्या कामाची शिसारी आली. पण मला ना पाय, ना तोंड.

मग आईचा फोन आला. नव्या शाळेत याच महिन्यात नाव घालायला हवं होतं, नाहीतर वर्ष वाया. आणि मग बारकीला आणायचं ते पुढच्याच वर्षी. आत्या म्हणाली, "बघू या, वहिनी. पोरीची इच्छा."

त्या आठवड्यात दुकानदाराच्या चोवीस निळ्या टोप्या तयार होत होत्या. शुक्रवारी बारकीनं लबाडी केली. लबाडीच ती, मी झाकणार नाही. आत्याची एक तयार टोपी तिनं ढिगातून उचलली आणि तिथं त्याच निळ्या कापडाची स्वतः शिवलेली ठेवली. आत्याची टोपी आत्यालाच दिली. म्हणाली, "आत्या, ही बघ. झाली माझी."

बिचारीला वाटलं, आत्याचीच शिवण, आत्या कशाला उसवेल?

आत्या दुकानदाराशी फोनवर बोलत होती. "उद्या संध्याकाळी चोवीस मिळतील म्हटलं ना!" बोलता बोलता तिनं टोपी उलटी केली, शिवणीकडे पाहिलं न पाहिलं आणि मला उचललं. "वाकडी," ती म्हणाली. आणि मी आत्याची स्वतःची शिवण, वीस वर्षं मुरलेल्या हाताची शिवण, टाका टाका कापत उघडली.

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. उसवलेले तुकडे तिनं गोळा केले, घडी घातली आणि जेवायला बसली. तिला सगळं समजलं होतं. बोटं वाईट नव्हती, शिवण वाईट नव्हती. तिनं सात जन्म टोप्या शिवल्या असत्या, तरी तिची सुटका नव्हती.

शनिवारी सकाळी आत्या दात दाखवायला दवाखान्यात गेली. बारकीनं दार लावलं, चोवीस टोप्या टेबलावर घेतल्या आणि मला उचललं. तिच्या हातात मी कधी एवढी स्थिर नव्हते. दर चौथा टाका. मग दोरा ओढायचा. एक टोपी, दुसरी टोपी. घाई नाही, रडणं नाही. एवढंसं तोंड अगदी आत्यासारखं घट्ट मिटलेलं. मी तिला इतकी छान काम करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिची भीती वाटली.

आत्या दुपारी आली. टेबलावर निळ्या तुकड्यांचा ढीग आणि शेजारी एकच अख्खी टोपी. तिला आधी कळेचना. कळलं तशी तिनं बारकीच्या कानाखाली सणसणीत वाजवली. "अगं काय केलंस हे? संध्याकाळी माणूस दारात येईल माझ्या!"

बारकी जागची हलली नाही. "शिवणी वाकड्या होत्या," ती म्हणाली.

"माझ्या?"

"काल तू वाकडी म्हणून उसवलीस ती तुझीच होती. मी बदलली होती. ही उरलीय ना, ही माझी. तुझ्या ढिगातली. तू सकाळी मोजलीस, तेव्हा तुला ओळखू आली नाही."

आत्या खुर्चीवर बसली. बारकीनं ती टोपी तिच्या पुढ्यात ठेवली आणि मला मुठीकडून पुढं केलं. "घे. उसव."

मी दोघींच्या मध्ये होते. आत्यानं टोपी उलटी केली. शिवणीवरून नख फिरवलं, वरून खाली, खालून वर. मग मला न घेताच तिनं टोपी खाली ठेवली.

सवयीनं तिनं ढिगातला एक तुकडा उचलून उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. "एकही भोक नाही," ती पुटपुटली. बारकीला तिनं दिलेली ही पहिली शाबासकी. तीसुद्धा उसवण्याची.

मग दोघी शिवायला बसल्या. एक पायमशीनवर, एक हातमशीनवर. दुकानदार आला, चोवीस टोप्या घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, तुमचा हात काही बदलत नाही बघा!" त्यातल्या अकरा बारकीच्या होत्या.

दार लागल्यावर आत्याचा बांध फुटला. "तुला काय कमी केलं गं मी? तू गेल्यावर या खोलीत मी कुणाशी बोलू?" ती लहान मुलीसारखी रडत होती. बारकी फोन हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. रडणं थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आईला लाव."

सोमवारी रजा टाकून आई आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती नणंदेच्या पाया पडली. "ताई, तुम्ही माझ्या लेकीला हुन्नर दिलात, तुमचे उपकार कसे फेडू?" आत्यानं मान हलवली. बारकी पिशवी घेऊन दाराशी उभी होती.

आत्या तिच्याजवळ गेली. तिच्या बाहीवरची लव चिमटीनं काढत म्हणाली, "सुट्टीत येशील ना गं?"

"नाही," बारकी म्हणाली.

आई तिला रागावली, असं बोलतात का म्हणून. बारकीनं चपला घातल्या आणि दोघी निघून गेल्या.

त्यानंतर आत्यानं मला हात लावला नाही. आता माझ्या धारेवर गंज चढलाय, लाल मणी कधीच पडलाय. मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. मी तर गंजलेलीच बरी. पण मित्रांनो, तुमच्या हातात कधी माझ्यासारखं काही आलं, तर समोरच्या लहानग्याची शिवण आधी नीट बघा. ती सरळ असेल, तर सरळ आहे म्हणून सांगा, मग तुम्हाला एकटं राहावं लागलं तरी सांगा. बारकीची पहिली सरळ शिवण मला अजून आठवते. ती चांगली आहे, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. माझ्यापाशी तोंड नव्हतं. आत्यापाशी होतं.