आपण नाही, आम्ही

उल्हासशी लग्न करून मी पुण्याहून इंग्लंडमधल्या वॉटफर्डला आले, तेव्हा त्याची मुलगी ईशिता आठ वर्षांची होती. तिने मला मंजिरीमावशी करून टाकलं. माय मरो आणि मावशी उरो म्हणतात. इथे माय घटस्फोट घेऊन ग्लासगोत ठणठणीत होती आणि दर रविवारी फोन करायची. मला मात्र मावशी न राहता आई व्हायचं होतं. हट्टच धरला होता म्हणा ना.

पोरीचं मराठी अगाध. डोक्यात इंग्रजीतला एकच 'वी', त्यामुळे जिथेतिथे 'आम्ही'. "मावशी, आम्ही टोस्ट खाऊया?" मी वैतागायचे. "मला धरून असेल तर आपण. मला वगळून असेल तर आम्ही." वर्षभर हेच घोकून घेतलं.

शनिवारी सकाळी एक कार्टून लागायचं. त्यात मोर्वा नावाची बर्फाची राणी राजकन्येला पळवून नेते आणि जीव लावून वाढवते. वर्गातल्या सगळ्या पोरी राजकन्येच्या बाजूच्या, ईशिता एकटी मोर्वाच्या. वहीभर तिची चित्रं काढायची, तिला कुणी वाईट म्हटलं की भांडायची. "ती बॅड नाहीये, मावशी. तिला फक्त कोणी नाही." मला भरून यायचं. पोर मोर्वाच्या आडून माझ्याकडेच येतेय, असं मी धरून चालले. मूर्ख बाई.

शेवटच्या भागात मोर्वाने राजकन्येला तिच्या आईबाबांच्या दारात आणून सोडलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर वितळून गेली. ईशिता हुंदके देऊन रडली. मीही रडले. तिला जवळ घेतलं आणि तोंडून निघून गेलं, "तिलाही घरात घेतलं असतं तर?"

तिने नाक पुसलं. "नाही ना. शी वॉज लव्हली. पण ती गेली म्हणून ते सगळे टुगेदर झाले." मग माझ्याकडे मोठ्या आशेने बघत म्हणाली, "तू पुण्याला परत गेलीस, तर आम्ही पण होऊ."

"आपण," मी घाईघाईने दुरुस्त केलं. "आपण म्हणायचं, बाळा."

"नाही, मावशी. मी, बाबा आणि आई. तू त्यात नाहीस." तिने स्वतःच्या बाहीने माझे डोळे पुसले, अगदी मायेने. "आता बरोबर बोलले ना मी?"

"बरोबर," मी म्हणाले. चूक काढायला जागाच नव्हती.