बदली माणूस

"तुम्ही कोण?" सुपरवायझरने विचारलं.

"मी बदली माणूस. रोलरवरच्या ताईंच्या जागी आलोय."

रुग्णालयांचे कपडे धुणाऱ्या कंपनीच्या दारात सकाळी सात वाजता मी उभा होतो. डोक्यावर बायकोची निळी टोपी, हातात तिच्या कराराचा कागद. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस मी. स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री केलेली नाही.

"काका, सकाळी सकाळी गंमत करताय का? ताई कुठायत?"

"घरी. हात अजून बांधलेलाच आहे तिचा. कलम सात वाचा. काम स्वतः करावं किंवा दुसऱ्याकडून करून घ्यावं, असं तुमच्याच कंपनीने लिहिलंय."

हे वाक्य बायकोने आदल्या दिवशी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. एकदा 'कलम सहा' म्हणालो तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

भानगड अशी होती. माझी बायको एकोणीस वर्षं तिथे रोलरवर काम करते. ओल्या चादरी दोघींनी ताणून धरायच्या आणि तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या. दोन वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्या बायकांना एकत्र बोलावलं, सह्या घेतल्या आणि सांगितलं, "आजपासून तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक. स्वतःच्या मालकिणी!" टाळ्यासुद्धा वाजवल्या म्हणे. मालकीण झाल्यावर आधी विमा गेला, मग भविष्य निर्वाह निधी, मग रजा. त्यांच्यामागे कंपनीला सरकारात जो भरणा करावा लागायचा, तो वाचला. बाकी भोंगा तोच, सातची हजेरी तीच, लघवीला जायचं तरी विचारून. घरी मी तिला 'मालकीणबाई' म्हणून चिडवायचो.

गेल्या महिन्यात रोलरने तिचा उजवा हात आत ओढला. तीन बोटं भाजली. शस्त्रक्रिया झाली नाही तर ती बोटं पुन्हा मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. कंपनी म्हणाली, व्यावसायिकाने आपला विमा आपणच काढायचा असतो. कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाई भल्या होत्या. "तुम्ही नोकर आहात हे मला दिसतंय हो," त्या म्हणाल्या, "पण ते कागदावर दिसायला हवं. कंपनीचा एक तरी कागद आणा."

असा कागद कुठून आणायचा? सगळे हुकूम तोंडी. हात बांधलेला, घरी स्वस्थ बसवत नाही, म्हणून बायकोने तो करार चार वेळा वाचला. पाचव्या वेळी हसली.

"अहो," ती म्हणाली, "उद्या माझ्या जागी तुम्ही जायचं."

सुपरवायझरकडे त्या दिवशी माणसं कमी होती आणि चादरींचा ढीग छताला टेकायला आलेला. माझी जिरवावी असंही त्याच्या मनात आलं असेल. "या की," तो म्हणाला. "उभे राहा रोलरवर. कळेल."

कळलंच. समोर बायकोची जोडीदारीण होती. "भाऊजी, कोपरा धरा, ओढू नका. बोटं मागे! बोटं मागे घ्या आधी!" दहा मिनिटांत माझा बनियन पिळून काढण्यासारखा झाला. तोंडावर वाफ, पायाखाली पाणी, कानात घरघर. बसला निदान खिडकी होती. ही दमून घरी आली की मी म्हणायचो, "चादरींना इस्त्री तर करतेस, दमायला काय झालं?" एकोणीस वर्षं म्हणत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की हातातली चादर तिरकी गेली, रोलरला गुंडाळली आणि यंत्र बंद पडलं.

बायका खो खो हसल्या. सुपरवायझर धावत आला.

"बस्स झालं! उद्या ताईंनीच यायचं. दुसरं कोणी चालणार नाही इथे!"

"लिहून द्या."

"देतो की! घाबरतो काय?"

पाच मिनिटांत कागद माझ्या हातात होता. मी तो टोपीत घालून घरी आणला.

"शिक्का आहे?" बायकोने आधी तेच विचारलं. मग वाचायला घेतलं. कर्मचारी विनापरवानगी गैरहजर. परस्पर बदली माणूस पाठवून शिस्तभंग. चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल. प्रत्येक ओळीला तिचा चेहरा उजळत होता. नोकरी घालवायची धमकी इतक्या आनंदाने वाचणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"तो रागावला की कपाटातला नोकरांचा जुनाच फॉर्म काढणार, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नवा त्यांनी केलाच नाही हो. मालकिणींना मेमो कोण देतं?"

दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयात अधिकारी बाईंनी तो कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि कंपनीला फोन लावला. तासाभरात सुपरवायझर हजर. आम्हाला व्हरांड्यात गाठून हात जोडायला लागला.

"ताई, चुकून गेला तो कागद. परत द्या ना. उद्यापासून बसून करायचं काम देतो तुम्हाला. वर साहेबांनी विचारलं तर माझी नोकरी जाईल."

बायकोला त्याची दया आली, मला दिसलं.

"तुमचाही करार वाचून बघा एकदा," ती म्हणाली. "तुम्हालासुद्धा मालकच केलं असेल. कागद मिळणार नाही. चोवीस तासांत खुलासा मागितलाय ना? तो द्यायला आलेय मी."

आत जाऊन तिने सांगितलं आणि मी लिहिलं: 'मी एकोणीस वर्षं या कंपनीत नोकर आहे. माझा हात कंपनीच्या कामावर भाजला. बदली माणूस पाठवल्याबद्दल मला खेद नाही. फक्त तो कामाचा नव्हता.'

शेवटचं वाक्य लिहायला मी कुरकुर केली. तिने लिहायला लावलं.

"त्यांनी आज तुम्हाला काढलं तर निकाल लागेपर्यंत मी काही करू शकणार नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "महिने जातील."

"काढू देत. नोकर असल्याशिवाय कसं काढतील?"

सहीच्या वेळी शिपायाने शाईची डबी पुढे केली. उजवा हात बांधलेला, तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल, असं म्हणाला. बायकोने डबी बाजूला सरकवली आणि डाव्या हातात पेन धरलं. पहिलं अक्षर काढायलाच तिला मिनिटभर लागलं. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही. सही चौकटीतून बाहेर गेली, ओळीवरून खाली घसरली, तरी तिने ती पूर्ण केली आणि तिच्याखाली तारीख घातली.