कसला केशरी?

गोगलगाय फ्रिजमध्ये आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "दुधापासून लांब ठेवा."

बाबा संग्रहालयात अल्कोहोलमध्ये जपलेल्या प्राण्यांच्या बाटल्या सांभाळायचे. ही गोगलगाय खोल समुद्राच्या तळाची, बिनशंखाची, बोटाच्या पेराएवढी. तिच्या जातीच्या ज्या काही त्यांनी बाटल्यांत पाहिल्या त्या सगळ्या पांढऱ्या, कारण अल्कोहोल रंग खातं. जिवंत ही पहिलीच. जाळ्यात आली म्हणून एका मच्छीमाराने बर्फात ठेवलेल्या डब्यातून आणून दिली. तिला अंधार आणि थंडी लागते. संग्रहालयाचा फ्रिज बिघडलेला होता, आमचा नव्हता.

"गोगलगाय नि पोटात पाय, असं मी ह्यांनाच म्हणायचे," आई म्हणाली. "आता खरीच आणून ठेवली."

रंगाची नोंद प्राणी जिवंत असतानाच करावी लागते, आणि बाबा रंगांधळे. त्यामुळे ते काम लहानपणापासून माझ्याकडे. ते पेन्सिल घेऊन बसत. "रंग सांग." मी म्हणे, "पिवळा." "कसला पिवळा?" "जुन्या पुस्तकाच्या कडांचा." ते जसंच्या तसं लिहून घेत. शेवटी विचारत, "आणि दिसतो कसा?" कुठलाही प्राणी असो, मी सांगे, "शेंबडासारखा." ते हसत. आमचं ते ठरलेलंच होतं.

"आत्ताच बघू का?" मी विचारलं.

"नको. दिव्याचा उजेड खोटं बोलतो. उद्या सकाळी, खिडकीत."

सकाळी बाबा उठलेच नाहीत. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

दिवसभर माणसं येत राहिली. चहासाठी दूध घ्यायला मामाने फ्रिज उघडला.

"ताई, ह्या डब्यात काहीतरी नासलंय. टाकून देऊ?"

आई रडायची थांबली. "हात लावू नकोस. ह्यांचं काम आहे ते."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनेच डबा खिडकीत ठेवला आणि झाकण काढलं. गोगलगाय जिवंत होती. कुठेच जायचं नसल्यासारखी सरकत होती. आई पेन्सिल घेऊन बाबांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधी बसत नसे.

"रंग सांग."

"केशरी."

"कसला केशरी?"

मी वाकले. "डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की दिसतो तो. कडेला विरत गेलेला. शिंगांची टोकं पांढरी."

"हळू सांग. मला ह्यांच्यासारखं भरभर लिहिता येत नाही."

मी पुन्हा सांगितलं. तिने लिहिलं, वाचून पाहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "आणि दिसते कशी?"

ठरलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. त्यावर हसणारं कोणी नव्हतं.

"सुंदर दिसते, बाबा," मी म्हणाले. "सगळेच प्राणी दिसायचे."